‘एकटी का बसलीस?’ ते ‘काय काढतेस?’

बागलाणची रेघ | रविवार, रात्री १०:१५

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. गेल्या आठवड्यात माझ्या भाचीनं, ती आता आठवीत आहे, जेवताना सहज सांगितलं की मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन जिन्याखाली जाऊन बसते. "तिथं कोणी येत नाही ना, म्हणून बरं वाटतं." तिची आई पोळ्या लाटत होती, तिच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र घास गिळेना. माझी जागा पाण्याच्या टाकीमागे होती.

२००५ साली आम्ही सटाण्याजवळच्या खेड्यातून नाशिकला आलो. वडिलांना सातपूरला एका कंपनीत काम लागलं, खोली सिडकोत घेतली आणि मला आठवीत घातलं. आमच्या घरात अहिराणी. मराठी वाचता-लिहिता चांगलं यायचं, पण तोंडातून आधी निघायचं ते घरचंच. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, माले समजनं नही." वर्ग हसला. तेवढं चाललं असतं, पण सरही हसले. त्यानंतर वर्षभर मी वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकावरून तेच वाक्य यायचं, माझ्याच सुरात. मग मी शाळेत बोलणंच सोडलं. घरी कोणाला कळलं नाही, कारण घरी मी बोलत होते. पुढे तेही बिघडलं. आई चारचौघांत अहिराणीत बोलली की मी तिच्यावर चिडायला लागले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

नववीत चित्रकलेच्या बाईंनी मला एलिमेंटरीला बसवलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही सरकारची रेखाकला परीक्षा. त्यात स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन आणि स्मरणचित्र असे पेपर असतात. स्मरणचित्राला बाजाराचा विषय आला. आजूबाजूच्या सगळ्यांनी शिकवलेलं काढलं: डावीकडे झाड, मध्ये छत्रीखाली भाजीवाली, उजवीकडे पिशवी घेतलेली बाई. मी आमच्या गावचा आठवडे बाजार काढला. कांद्याच्या ढिगावर झोपलेलं पोर, तराजूचं पारडं पायानं धरलेली म्हातारी, बैलाच्या शिंगाला अडकवलेली कोणाची तरी टोपी. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा मला कळलं की त्या सगळ्या वेळात वर्गाची आठवणसुद्धा झाली नव्हती. गेल्या दीड वर्षात असं पहिल्यांदाच झालं होतं.

अकरावीत कॉलेज लागलं आणि एकटेपणा आणखी वाढला, कारण आता कोणी चिडवतही नव्हतं. कोणाला मी आहे हेच माहीत नव्हतं. तास बुडवून मी सिडकोतून बसनं निमाणीच्या स्टँडला यायचे आणि चालत गोदावरीच्या घाटावर जायचे. दुतोंड्या मारुतीच्या अलीकडे पायऱ्यांवर बसायचे. (बाहेरच्यांसाठी: हा तोच मारुती. पावसाळ्यात पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून नाशिककर पूर किती मोठा ते सांगतात.)

सोळा-सतरा वर्षांची मुलगी घाटावर एकटी बसली की काय होतं, ते इथल्या बायकांना सांगायला नको. "एकटी का बसलीस? कोणाची वाट बघतेस? घरून भांडून आलीस का?" फुलवाली विचारायची, गुरुजी विचारायचे, एकदा पोलिसांनी विचारलं. काळजीनं विचारायचे, मला कळायचं. पण प्रत्येक वेळी 'एकटी' हा शब्द अंगावर यायचा आणि मी उठून जायचे.

एक दिवस पिशवीत चित्रकलेची वही होती. नारोशंकराचं देऊळ, १७४७ सालचं, शिखर, कमान, घंटा, सगळं एकदम काढायला गेले आणि अर्ध्या तासात फाडून टाकलं. मग समोरची एकच पायरी काढली. तिचा झिजलेला काठ, खाचेत साठलेलं पाणी, त्यात चिकटलेली झेंडूची पाकळी. कोणीतरी मागं येऊन थांबलं. माझं अंग आक्रसलं. प्रश्न आला, "काय काढतेस?"

मी म्हटलं, "पायरी."

"हां," म्हणाले आणि बघत उभे राहिले. बस, एवढंच. त्या दिवसापासून मला घाटावर कोणी 'एकटी का' असं विचारलं नाही. मी तीच होते, जागा तीच होती. मांडीवर एक वही आली आणि लोकांचा प्रश्न बदलला. आणि त्या नव्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं.

आता जे सांगायचं ते पुढेच आहे. बुधवारी घाटावर बाजार भरतो. बारावीतल्या हिवाळ्यात मी त्या बाजारात बसून एका लसूणवालीची पाटी काढत होते. लसणाचा कांदा काढायला फार अवघड. पांढऱ्यावर पांढरं, आणि मध्येच जांभळट रेघा. बराच वेळ मान खाली घालून काढत होते. बाई गिऱ्हाईक संपवून माझ्याकडे वाकली आणि म्हणाली, "काय काढी ऱ्हायनी व माय?"

माझा हात थांबला. नाशिकमध्ये घराबाहेर चार वर्षांत ते शब्द मी टिंगलीशिवाय ऐकले नव्हते. मी म्हटलं, "तुमनीच पाटी." ती केवढ्यांदा हसली! "कोनता गावनी व तू?" मी गाव सांगितलं. तिच्या बहिणीचं सासर तिथून दोन कोसांवर. तिनं मला चहा पाजला आणि चित्रात लसूण कमी दिसतोय म्हणून तक्रार केली. मी आणखी काढला. त्या दिवशी मी घरी गेले आणि आईशी अहिराणीत बोलले. आईनं काही म्हटलं नाही, पण भाकरी वाढताना तिचा हात माझ्या पाठीवर जरा जास्त वेळ राहिला.

मी पुढे चित्रकार झाले नाही. हिशेबाची नोकरी करते. पण दर रविवारी सकाळी घाटावर जाते, आता जलरंग घेऊन. भाचीला काय सांगू, कसं सांगू, हे कळत नाहीये. तुमच्यापैकी कोणाचं असं काही असेल तर लिहा.

---

खडूफळा | रविवार, रात्री ११:०२

बेटा, मी तेहेतीस वर्षं चित्रकला शिकवली. तुमचा स्मरणचित्राचा किस्सा वाचून दोनदा चष्मा पुसला.

स्मरणचित्र हा पेपर खरं तर याचसाठी आहे, आपण पाहिलेलं आपल्या हातानं परत आणायचं. पण इंटरमिजिएटला, म्हणजे एलिमेंटरीच्या पुढच्या परीक्षेला, 'ए' श्रेणी आली की दहावीला ७ गुण वाढीव मिळतात, 'बी'ला ५, 'सी'ला ३. पालक त्या सातासाठी पोरं पाठवतात आणि आम्हीही झाड-छत्री-पिशवी पाठ करून घेतो. मीही घेतली. त्यात किती मुलांचा बाजार त्यांच्या डोक्यातच राहिला असेल, हा विचार मला निवृत्तीनंतर छळतो.

एक विचारतो. घाटाचा दगड कशानं रंगवता?

---

बागलाणची रेघ | रविवार, रात्री ११:२०

काका, नमस्कार. आधी ट्यूबमधला काळा घ्यायचे आणि सगळं चित्र मेल्यासारखं व्हायचं. घाटावरच एका वयस्कर चित्रकारांनी सांगितलं की काळा विकत घेऊ नकोस, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून तू कर. निळा जास्त पडला तर सकाळची पायरी, तपकिरी जास्त पडला तर दुपारची. तेव्हा कळलं की आपला हा दगड काळा नाहीच. पाण्याजवळ तर सकाळी साडेसहाला तो चक्क जांभळा असतो. इतकी वर्षं त्याच्यावर बसत होते आणि पाहिला नव्हता.

---

खडूफळा | रविवार, रात्री ११:२८

अगदी बरोबर. आणि ओल्या पायरीवरची चमक पांढऱ्या रंगानं काढायची नाही, तिथं कागद कोरा सोडायचा. शिवाजी तुपे यांच्यासारख्या नाशिकच्या चित्रकारांची निसर्गचित्रं जवळून बघा. कुठं रंग लावायचा नाही हे त्यांना आधी ठाऊक असतं.

---

नाशिकरोडचा लिहिता | सोमवार, सकाळी ७:४०

मी चित्र काढत नाही, लिहितो. कुठं छापत नाही.

माझी पंधरा ते एकोणीस ही वर्षं आजोबा गेल्यानंतरची. घरात तेच एक माझ्याशी बोलणारे होते. त्यांचं किराणा दुकान होतं, त्यामुळे लाल कापडी बांधणीच्या चोपड्या माळ्यावर पडून होत्या, निम्म्या कोऱ्या. मी त्यांनाच पत्रं लिहायला लागलो, त्यांच्याच चोपडीत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. सुरुवातीला खरंच तसंच लिहायचो. जमा: आज एका मुलानं पेन मागितलं. नावे: सहलीच्या यादीत माझं नाव कोणी घातलं नाही. वर्षभरानं रकाने सुटले आणि पानभर लिहायला लागलो.

कॉलेज सुटलं की घरी जायचं नसायचं, म्हणून सार्वजनिक वाचनालयात बसायचो. १८४० सालची संस्था ती. पेपर वाचणारे सगळे आजोबांच्या वयाचे. एकमेकांशी न बोलता पंख्याखाली बसायचे आणि पान उलटायचे. मला तेवढी सोबत पुरायची.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टींबद्दल लिहायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना फायदा दिसला. पण लिहून उठल्या-उठल्या त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटत होतं. हे वाचून मला हायसं वाटलं, कारण माझंही तसंच व्हायचं. लिहिलं की रात्र खराब जायची, आठवडा बरा जायचा.

---

मावळतीचं ऊन | सोमवार, दुपारी १:१०

ताई, तुमचं लिखाण मनापासून आवडलं. तरीही एक बाजू लिहिते, कारण ती राहिली तर कोणाचं नुकसान होईल.

मीही रंगवायचे. एकोणिसाव्या वर्षापासून दोन वर्षं रोज. घरचे कौतुक करायचे, "बघा किती रमते." मी रमत नव्हते. रात्र-रात्र झोप नव्हती, जेवण तुटलं होतं आणि प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा काळोखं होत होतं. चित्रामुळे मी ठीक आहे असं सगळ्यांना वाटत राहिलं. मला नैराश्य होतं. शेवटी मावशीनं हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या, समुपदेशन, दीड वर्ष. रंग मध्यंतरी पूर्ण सुटले होते, बरी झाल्यावर परत आले.

म्हणून सांगते, मुलगी चित्र काढतेय म्हणजे सावरतेय असं गृहीत धरू नका. तिची झोप बघा, ताट बघा.

---

बागलाणची रेघ | सोमवार, दुपारी २:३५

तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. हे माझ्या लिखाणात यायला हवं होतं. मला जे झालं तो एकटेपणा होता, आजार नव्हता, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. भाचीच्या आईला आज फोन करून झोप आणि जेवण विचारलं. झोप ठीक आहे. डबा मात्र अर्धा परत येतोय.

---

ऐकणारी | सोमवार, रात्री ९:०५

मी किशोरवयीन मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. वरच्या दोन्ही प्रतिसादांना दुजोरा.

कलेचा उपयोग होतो का, तर होतो. २०१६ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला. ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं माती, रंग, कात्रणं यातलं हवं ते घेऊन काहीतरी केलं. साधारण पाऊण जणांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालेलं दिसलं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की आधी कला शिकलेल्यांना आणि कधीच न शिकलेल्यांना यात फरक पडला नाही. हात चांगला असण्याची अट नाही. पण उरलेल्या पावजणांचं कमी झालं नाही हेही त्याच अभ्यासात आहे. गट लहान होता, म्हणून त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडलेली असेल, आवडतं तेही नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचं बोलणं असेल तर वाट पाहू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. मूल स्वतःही करू शकतं, पालकही.

---

सातपूरची आई | मंगळवार, सकाळी ११:४५

माझा मुलगा चौदाचा. शाळेतून आला की खोलीत. मित्र नाहीत, म्हणजे कोणाचं नाव त्याच्या तोंडून येत नाही. वह्यांच्या मागच्या पानांवर जपानी कार्टूनसारखे मोठ्या डोळ्यांचे चेहरे काढतो. एकाच मुलाचा चेहरा, शंभर वेळा तरी काढला असेल. मला वाटतं त्याला क्लास लावावा. त्याचे बाबा म्हणतात असल्या चित्रांचा काय उपयोग. खडूफळा सर, रेघताई, तुम्ही काय म्हणाल? झोप-जेवण व्यवस्थित आहे.

---

खडूफळा | मंगळवार, दुपारी १२:३०

वहिनी, शंभर वेळा एक चेहरा काढणारं पोर मला वर्गात तेहेतीस वर्षांत सहा-सात मिळालं असेल. त्याला कार्टून काढू नको म्हणू नका. आत्ताच क्लासही नको, तिथं त्याला पहिल्या दिवशी सफरचंद देतील. त्याला रबराशिवाय काढायला सांगता आलं तर बघा, तेही सहज, आग्रह नको. एक ४बी पेन्सिल आणि जाड कागदाची वही त्याच्या टेबलावर ठेवा आणि काही बोलू नका.

---

बागलाणची रेघ | मंगळवार, दुपारी १:५०

काकांच्या शेवटच्या तीन शब्दांवर माझा सगळा भर आहे.

दहावीत असताना पाहुणे आले आणि आईनं मोठ्या कौतुकानं माझी वही बैठकीत आणली. पाहुण्यांनी पानं उलटली, "छान हं, आता आमचं काढ बघू." त्या वहीत शाळेतल्या त्या मागच्या बाकाचं चित्र होतं, रिकाम्या बाकाचं. त्यांना काही कळलं नाही, पण मी चार महिने पेन्सिल धरली नाही. आईचा काहीच दोष नव्हता, तिला अभिमान वाटला होता. तरी सांगते, त्यानं दाखवलं तरच बघा, आणि दाखवलं तरी मोबाइलवर स्टेटसला टाकू नका. 'छान' म्हणण्यापेक्षा चित्रातलं काहीतरी विचारा. याच्या कपाळावर खूण कसली आहे, हा कुठं राहतो. त्या मुलाला नाव असणार. शंभर वेळा काढलाय म्हणजे नाव आहेच.

---

टिपरू | मंगळवार, रात्री १०:५०

सगळे शांत कलांबद्दल बोलताहेत म्हणून मी जरा आवाज करतो.

मी अडखळत बोलायचो. अजूनही 'प'वर अडकतो. शाळेत तोंडी परीक्षेच्या दिवशी पोट दुखायचं. सतराव्या वर्षी चुलतभाऊ ढोलपथकाच्या सरावाला घेऊन गेला. गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी सराव. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थापी. पहिल्या आठवड्यात बोटांना फोड आले, ते फुटले, हाताला चिकटपट्ट्या लावून वाजवलं. तिथं कोणाला कोणाशी बोलायचं नसतं, ढोल चालू असताना बोललेलं ऐकूच येत नाही. साठ जण एका ठोक्यावर थांबतात त्या क्षणी छातीत जे होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. नाशिक ढोल म्हणून लोक त्यावर नाचतात, पण माझ्यासाठी ती पहिली जागा होती जिथं माझं अडखळणं आड आलं नाही.

मिरवणुकीनंतर सगळे पथकातले चहाला बसले आणि मी आपोआप बोललो. अडखळलो. कोणी वळून पाहिलं नाही, सगळ्यांचे कान बधिर झालेले होते.

सातपूरच्या ताई, सगळ्या मुलांना एकट्यानं करायची कला झेपेल असं नाही. काहींना घोळक्यात राहून गप्प बसायला मिळालं तर बरं वाटतं.

---

सातपूरची आई | गुरुवार, रात्री ९:३०

काकांनी सांगितल्याप्रमाणे पेन्सिल आणि वही ठेवली. दोन दिवस तशीच होती. आज वहीचं एक पान भरलेलं दिसलं, मी उघडलं नाही, कडेला शिसं लागलेलं दिसलं म्हणून कळलं. जेवताना एवढंच विचारलं की त्या मुलाचं नाव काय. त्यानं मान वर न करता सांगितलं. मग म्हणाला, त्याला एक बहीणपण आहे. आमच्याकडे मुलगी नाही. मला रडू आलं, पण वरण वाढत राहिले.

बाबांनाही हा धागा वाचायला दिला आहे.

---

बागलाणची रेघ | गुरुवार, रात्री ११:१०

ताई, किती बरं वाटलं सांगू.

माझं इकडचं सांगते. काल भाचीला बुधवारच्या बाजाराला घेऊन गेले होते. तिला काही शिकवलं नाही, सल्ला दिला नाही. मी माझी वही काढली, ती नुसती शेजारी बसली. तासाभरानं म्हणाली, "आत्या, त्या बाईच्या पायाला सहाच जोडवी का?" मी एवढा वेळ ती बाई काढत होते आणि जोडवी मोजली नव्हती. वही तिच्याकडे दिली, तिनं तो पाय काढला. अंगठा फार मोठा झाला, तसाच ठेवला. जिन्याखालच्या जागेबद्दल तिला अजून काही विचारलेलं नाही. तिच्या वर्गशिक्षिकेला मात्र शनिवारी तिच्या आईसोबत भेटणार आहे, कारण डबा अजून अर्धाच संपतोय.

इथं तिघांनी संदेशात विचारलं, म्हणून लिहिते. रविवारी सकाळी साडेसहाला मी दुतोंड्या मारुतीजवळ असते. ज्यांना यायचं त्यांनी यावं. चित्र यायला हवं असं नाही. कागद साधा कार्ट्रिज चालेल, जलरंगाला ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, असेल तर तो ओला झाल्यावर फारसा फुगत नाही. पाण्याला बाटली आणा, नदीचं पाणी रंगाला घेऊ नका. ऊन आठपर्यंत चांगलं असतं.

---

खडूफळा | शुक्रवार, सकाळी ६:१५

मी येतो. पायऱ्या उतरायला कोणीतरी हात द्या.

---

टिपरू | शुक्रवार, सकाळी ८:०२

काका, मी आहे. निमाणीपासून घेऊन येतो.

---

नवीन सदस्य | शुक्रवार, रात्री ११:५८

ताई, मी दोन वरीसपासून आठे नुसती वाचस, लिखं कधी नही. मी बी बागलाणनी. सिडकोमा ऱ्हास. माले चित्र काढता येत नही. पण रविवारले येसू. तुमना जोडे बठसू.

---

बागलाणची रेघ | शनिवार, सकाळी ५:५०

ये व माय. पायरीवर जागा धरी ठेवस.